टर्बो गाडीचा स्पार्क प्लग : फट किती, थंड किती?

मढच्या कोळीवाड्यातील एखाद्या विद्यार्थ्याला स्पार्क प्लग शिकवायचा म्हटला तर तो पहिलाच प्रश्न असा विचारील, की आमच्या होडीच्या इंजिनाला प्लग का नसतो? प्रश्न अगदी रास्त आहे. डोल जाळ्याने मासेमारी करणाऱ्या मोठ्या होड्यांत डिझेलचे इंजिन असते. त्यात नुसती हवा आत घेऊन ती मूळ आकारमानाच्या सोळाव्या-सतराव्या हिश्श्यापर्यंत दाबतात. एवढी दाबलेली हवा इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. काही डिझेल मोटारींत 'ग्लो प्लग' असतो खरा, पण तो ठिणगी पाडत नाही. थंड इंजिन सुरू होताना तो सिलिंडरातील हवेला ऊब देतो, एवढेच त्याचे काम.

पेट्रोलचे इंजिन वेगळ्या रीतीने चालते. त्यात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, आणि ते आपोआप पेटू नये हीच तेथे काळजी असते. म्हणून दाब बेताचा ठेवायचा, आणि नेमक्या क्षणी ठिणगी पाडून मिश्रण पेटवायचे. उच्च विभवाचा मॅग्नेटो आणि त्याच्या जोडीचा स्पार्क प्लग १९०२ साली रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील गॉटलोब होनोल्ड यांनी सिद्ध केला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी प्लगची मूळ रचना फारशी बदललेली नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गॅरेजवाले त्याला 'मायकोचा प्लग' म्हणत आले. १९५१ साली स्थापन झालेल्या, बंगलोरच्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीचे ते आद्याक्षरी नाव. २००८ साली त्या कंपनीचे नाव बॉश लिमिटेड झाले, पण जुन्या मेकॅनिकांच्या तोंडून मायको काही गेले नाही.

आता प्लगचा विषय पुन्हा का काढायचा? वेसाव्याहून फेरीबोटीने माणसे आणि दुचाक्या मढला उतरतात. मोटारीला मात्र मालाडवरून मार्वे, आक्सा, एरंगळ असा वळसा घालून यावे लागते. या रस्त्यावर, आणि एकूणच मुंबई-पुण्यात, गेल्या दहा-बारा वर्षांत टर्बो लावलेल्या पेट्रोल मोटारी खूप वाढल्या. चाकणला तयार झालेली फोक्सवॅगनची पोलो टीएसआय (२०१३), टाटांची झेस्ट (२०१४) आणि नंतरची नेक्सॉन (२०१७) ही त्यांतील ओळखीची नावे. या गाड्यांचे काही मालक, बहुधा तरुण, त्यांची ताकद आणखी वाढवून घेतात. याला 'रीमॅप' म्हणतात. इंजिनावर देखरेख करणाऱ्या संगणकातील आकडे बदलून टर्बोला जास्त हवा कोंबायला लावायची, असा त्याचा अर्थ. त्यासाठी हजारो रुपये मोजले जातात, आणि सिलिंडरात बसणारा छोटासा प्लग जुनाच राहतो. मग जोरात पाय दाबला की गाडी झटके देते, किंवा त्याहून वाईट म्हणजे एके दिवशी दट्ट्याला भोक पडते. प्लग चुकीचा असला तर असे का होते, हे शाळेच्या भौतिकशास्त्राने चांगले समजते.

फटीचा हिशेब

प्लगच्या टोकाशी दोन विद्युतअग्रे असतात. मधले विद्युतरोधक चिनी मातीसारख्या पांढऱ्या नळीतून आलेले असते (ती असते अॅल्युमिनियम ऑक्साइडची) आणि दुसरे पोलादी कवचाला जोडलेले, वाकवलेले. त्यांच्यात मिलिमीटरभरापेक्षा थोडी कमी-जास्त फट. हवा विद्युतरोधक आहे. पण विभवांतर पुरेसे वाढवले की हवेतील मोकळे इलेक्ट्रॉन वेगाने धावून रेणूंवर आदळतात, त्यांतून आणखी इलेक्ट्रॉन सुटतात आणि क्षणार्धात वाहक वाट तयार होते. ती म्हणजे ठिणगी. समुद्रसपाटीवरच्या हवेत एका मिलिमीटरला सुमारे ३००० व्होल्ट लागतात, असे आपण ढोबळपणे शिकवतो.

हवा दाट असली तर? इलेक्ट्रॉनला दोन टकरींमध्ये धावायला जागाच कमी मिळते, पुरेसा वेग येत नाही, आणि विभवांतर वाढवावे लागते. फ्रीडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ साली हा संबंध दाखवून दिला. ठिणगीसाठी लागणारे विभवांतर वायूचा दाब आणि फट यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. तापमान बदलत असेल तेव्हा दाबाऐवजी घनता घेणे अधिक बरोबर. हा फरक महत्त्वाचा आहे आणि फळ्यावर मांडून दाखवण्यासारखा आहे.

समजा, ठिणगी पडते त्या क्षणी मिश्रण आकारमानाच्या एक-अष्टमांशापर्यंत दाबले गेले आहे. दाब आठपट होतो का? नाही. दाबताना वायू तापतो, म्हणून दाब जवळजवळ पंधरापट होतो. घनता मात्र आठपटच. ०.८ मि.मी. फटीला उघड्या हवेत २४०० व्होल्ट लागत असतील, तर येथे ८ ने गुणून सुमारे १९,००० व्होल्ट लागतील.

हा झाला साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाचा पूर्ण भार. आता टर्बो आणू. टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसवलेल्या दोन चक्रांचा पंखा. एक चक्र बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने फिरते, दुसरे आत येणारी हवा दाबते. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. मोटारीत मात्र टर्बो १९६२ साली अमेरिकेत आला. दाबून तापलेली हवा 'इंटरकूलर'मध्ये थंड करून सिलिंडरात सोडतात. ती मूळ तापमानाला आली असे धरू. कारखान्याने टर्बोला वातावरणाच्या वर ०.७ बार दाब नेमून दिला असेल, तर आत जाणारी हवा १.७ पट दाट. म्हणजे १९,२०० गुणिले १.७, सुमारे ३२,६०० व्होल्ट. रीमॅप करणाऱ्याने हाच दाब १.१ बार केला, तर २.१ पट, सुमारे ४०,३०० व्होल्ट.

हे आकडे जरा फुगलेले आहेत. विद्युतअग्राच्या टोकदार कडांशी विद्युतक्षेत्र एकवटते, आणि अग्र तापलेले असते, म्हणून प्रत्यक्षात याहून कमी भागते. पण दोन्ही आकड्यांचे गुणोत्तर बरोबर आहे, आणि आपल्याला तेच हवे आहे. मोटारीची इग्निशन कॉइल साधारण तीस-चाळीस हजार व्होल्टपर्यंत मजल मारते. कारखान्याने ठेवलेली शिल्लक रीमॅपने खाऊन टाकली, की फट ओलांडायला व्होल्ट पुरत नाहीत. ठिणगी पडतच नाही. गॅरेजात म्हणतात, 'टर्बोच्या वाऱ्याने ठिणगी विझते'. ऐकायला झकास, पण कारण चुकीचे. मुळात ती पेटलेलीच नसते.

यावरून एक चमत्कारिक वाटणारी गोष्टही उलगडते. अशी गाडी उभी असताना अगदी सुरेख चालते. चढावर किंवा जोरात पाय दाबल्यावरच मिसिंग मारते. गाडी उभी असताना हवेची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि सिलिंडरात वातावरणाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच हवा जाते. तेव्हा सहा-साडेसहा हजार व्होल्टमध्ये काम होते. म्हणून उभ्या गाडीचा आवाज ऐकून 'प्लग चांगले आहेत' असे सांगणाऱ्यावर विसंबू नये.

उपाय त्याच गुणाकारात आहे. घनता १.७ वरून २.१ झाली, म्हणजे १.२४ पट. गुणाकार पूर्वीइतकाच ठेवायचा तर फट तितक्याच पटीने कमी करायची. ०.८ भागिले १.२४, म्हणजे ०.६५ मि.मी. वाढीव टर्बोच्या गाड्यांत जाणकार मेकॅनिक फट ०.६ ते ०.७ मि.मी. ठेवतात, आणि पाशेनचे नाव न ऐकताही ते बरोबर उत्तराला पोचलेले असतात. फरक आहे दीड दशांश मिलिमीटरचा. वहीचा कागद साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतो.

मग फट आणखी कमी का करू नये? कारण ठिणगीने पेटवायचे असते ते मिश्रण, आणि सुरुवातीची ज्योत मोहरीएवढी असते. अरुंद फटीत तिच्या दोन्ही बाजूंना थंड धातू चिकटलेला राहतो, तो तिची उष्णता ओढून घेतो आणि ज्योत वाढण्याआधीच मरते. उभ्या गाडीत, विरळ मिश्रणात, हे जास्त घडते. म्हणून जास्त फटीची गाडी जोरात असताना अडते, आणि फार कमी फटीची गाडी सिग्नलला थरथरते.

घनतेचा हा नियम उलट दिशेनेही खरा आहे. महाबळेश्वरला हवा विरळ, तेथे ठिणगी सहज पडते. उंच उडणाऱ्या टर्बो विमानांत याने मोठीच अडचण केली. सिलिंडरात दाट हवा, बाहेर विरळ. मग ठिणगी आत पडायची सोडून मॅग्नेटोच्या आतच उडू लागली. यासाठी मॅग्नेटोमध्ये टर्बोचीच दाबलेली हवा भरण्याची युक्ती काढावी लागली.

गरम प्लग आणि थंड प्लग

फटीपेक्षा दुसरी निवड अधिक धोक्याची आहे. प्लगचे टोक फार थंड असून चालत नाही आणि फार तापूनही चालत नाही. सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या खाली त्यावर काजळी साचते. काजळी म्हणजे कार्बन, म्हणजे वाहक. वीज फट ओलांडायचे कष्ट न घेता काजळीवरून सरकते आणि ठिणगी पडत नाही. त्याहून वर टोक स्वतःला जाळून स्वच्छ ठेवते. पण ते ८५० अंशांच्या आसपास गेले, की लाल निखाऱ्याप्रमाणे मिश्रणाला ठिणगीपूर्वीच पेटवू लागते. दट्ट्या अजून वर चढत असतो आणि वरून जळता वायू त्याला खाली रेटत असतो. अशाने दट्ट्याचे अॅल्युमिनियम, जे ६६० अंशांच्या आसपास वितळते, काही सेकंदांत मऊ होऊ शकते. अकाली ज्वलन आणि 'नॉकिंग' या वेगळ्या गोष्टी आहेत. नॉकिंगमध्ये ठिणगी वेळेवरच पडते, पण कडेचे उरलेले मिश्रण दाबाने एकदम भडकते. त्याचा टकटक आवाज संवेदक ऐकतो आणि संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडून ते थांबवतो. अकाली ज्वलनावर हा उपाय लागू पडत नाही, कारण तेथे ठिणगीचा संबंधच उरलेला नसतो.

टोकाचे तापमान ठरते ते पांढऱ्या नळीच्या नाकाच्या लांबीवरून. नाक लांब असेल तर उष्णतेला कवचापर्यंत पोचायला वाट लांब, टोक तापलेले राहते. हा 'गरम' प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लगेच कवचात, तेथून आट्यांतून सिलिंडरच्या डोक्यात आणि मग पाण्यात जाते; हा 'थंड' प्लग. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल, म्हणजे दर फेरीला जास्त उष्णता. म्हणून ताकद वाढवलेल्या इंजिनाला कारखान्याच्या प्लगपेक्षा एक पायरी थंड प्लग लागतो. दर ७५ ते १०० अश्वशक्ती वाढीला एक पायरी असा ढोबळ नियम प्लग बनवणारे सांगतात, पण तो मोठ्या इंजिनांवरून आलेला आहे. एक लिटरच्या तीन सिलिंडरी इंजिनात २५-३० अश्वशक्तीची वाढसुद्धा दर सिलिंडरामागे बरीच होते. तेव्हा वाढ टक्क्यांत पाहावी, हे बरे.

दोन पायऱ्या थंड प्लग लावणारे हौशी लोकही भेटतात. आमच्या मते मुंबईत हा शुद्ध तोटा आहे. शर्यतीच्या रस्त्यावर तो प्लग योग्य ठरेल. पण मालाड स्टेशन ते मार्वे या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासभर सरकणाऱ्या गाडीत त्याचे टोक ४५० अंशांपर्यंत पोचतच नाही. आणि एक गैरसमज दूर करावा : थंड प्लगने इंजिन थंड होत नाही. इंजिनाला बाहेर टाकायची उष्णता तेवढीच राहते. प्लग फक्त आपले टोक सांभाळतो.

पायरीचा आकडा वाचताना घोटाळा हमखास होतो. एनजीके आणि डेन्सो या जपानी कंपन्यांच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. बॉशच्या आजच्या प्लगवर आणि चॅम्पियनच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. 'एक नंबर वरचा द्या' असे दुकानात सांगणे म्हणजे नाणे उडवण्यासारखे आहे.

विद्युतअग्राच्या धातूबद्दल थोडक्यात. निकेल १४५५ अंशांना वितळते, प्लॅटिनम १७६८, इरिडियम सुमारे २४४५. इरिडियमचे टोक अर्ध्या मिलिमीटरइतके बारीक करता येते. बारीक टोकाशी विद्युतक्षेत्र तीव्र होते, आणि थोड्या कमी व्होल्टमध्ये ठिणगी पडते. ते झिजतेही सावकाश. इरिडियमने ताकद वाढत नाही, ठिणगी चुकण्याचे कमी होते. 'तांब्याचा प्लग' म्हणून जो मिळतो त्याचे टोक निकेलचेच असते, तांबे आतल्या गाभ्यात. तो स्वस्त आहे, आणि लवकर बदलायची तयारी असेल तर वाढीव टर्बोला चांगला चालतो.

झीज किती, याचा अंदाज विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. चार टप्प्यांच्या इंजिनात दोन फेऱ्यांना एक ठिणगी. मिनिटाला २००० फेऱ्या धरल्या तर तासाला ६०,००० ठिणग्या. ताशी सरासरी ५० कि.मी.ने २०,००० कि.मी. म्हणजे ४०० तास, आणि २ कोटी ४० लाख ठिणग्या. प्रत्येक ठिणगी धातूचे काही कण उडवते आणि फट रुंदावत जाते. साध्या गाडीला ही रुंदावलेली फट सोसते. वाढीव टर्बोत शिल्लकच कमी, म्हणून पुस्तिकेतील मुदतीच्या निम्म्यात प्लग तपासावेत. ठिणगी चुकत असताना गाडी रेटणे महागात पडते. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतील उत्प्रेरकापर्यंत जाते, तेथे जळते, आणि त्या उष्णतेने आतली सिरॅमिकची जाळी वितळून वाट बुजते.

बदलताना

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच प्लग काढावा. प्लगच्या विहिरीत साचलेली वाळू आधी हवेने उडवून टाकावी. आक्सा-मढच्या किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत ती असतेच, आणि प्लग निघताच ती सिलिंडरात पडते. नव्या प्लगची फट फीलर गेजने मोजावी, खोक्यावरच्या आकड्यावर विश्वासू नये. फट कमी करताना बाहेरचे वाकवलेले अग्रच हलक्या हाताने दाबावे. इरिडियमच्या बारीक टोकाला गेजने टेकू दिला तर ते तुटते.

प्लग आधी हाताने फिरवून बसवावा. पोलादी आटे आणि अॅल्युमिनियमची विहीर. तिरका गेला की आटे सोलले जातात आणि डोके खाली काढावे लागते. शेवटचा पीळ टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत दिला असेल तेवढाच. १४ मि.मी.च्या वॉशरवाल्या प्लगला तो साधारण २५ ते ३० न्यूटन मीटर असतो, १२ मि.मी.च्या प्लगला कमी. हे आकडे कोरड्या आट्यांचे आहेत. खाऱ्या हवेत आटे गंजू नयेत म्हणून काही जण ग्रीससारखा लेप लावतात. लेपाने घर्षण कमी होते, तेवढ्याच पिळात प्लग जास्त ताणला जातो आणि आट्यांपाशी तुटू शकतो. आजच्या बहुतेक प्लगांवर मुलामा असतो, लेपाची गरज नसते. उलट, सैल बसलेला प्लग आपली उष्णता डोक्याला देऊ शकत नाही. म्हणजे खास निवडून आणलेला थंड प्लग नुसत्या आळसाने गरम प्लग होतो.

मढसारख्या ठिकाणी, जेथे समुद्र तीन बाजूंना आहे, प्लगच्या बाहेरच्या अंगाकडेही पाहावे लागते. पांढऱ्या नळीवर मिठाचा थर बसतो, पावसाळी दमटपणात तो वाहक होतो, आणि वीज बाहेरूनच कवचावर उतरते. नळीवरच्या वळ्या ही वाट लांबवण्यासाठीच असतात. फट मोठी असेल, आतला दाब जास्त असेल, तर विजेला बाहेरची वाट सोपी वाटते. म्हणून कॉइलचे रबरी टोपण चिरलेले असेल तर प्लगबरोबर तेही बदलावे. कवचालगत नळीवर तपकिरी वलय दिसले तर घाबरू नये. ते उच्च विभवाने ओढलेल्या तेलकट कणांचे असते.

काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत आणि भिंगाखाली पाहावेत. फिकट राखाडी किंवा फिकट तपकिरी टोक ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा प्लग फार थंड. ओले, तेलकट काळे म्हणजे तेल वर येते आहे. टोक खडूसारखे पांढरे, फोड आलेले असेल तर प्लग फार गरम. त्यावर अॅल्युमिनियमचे चमकते ठिपके दिसले तर दट्ट्याचे कण उडाले आहेत, गाडी आणखी चालवू नये. रंगावर मात्र पूर्वीइतका भर देता येत नाही. जुन्या मेकॅनिकांची नजर शिसेयुक्त पेट्रोलच्या डागांवर तयार झाली होती, आणि ते पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले.

विद्यार्थ्यांतील कोणी गाडीत असे बदल करायला निघाला असेल, तर कायदाही सांगावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याने नमूद केलेल्या मूळ रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम काटेकोरपणे लावले. झिजलेला प्लग बदलणे ही देखभाल आहे. टर्बोचा दाब वाढवण्याची गोष्ट वेगळी.

वर्गात चालू इंजिनाच्या कॉइलशी खेळू नये, तिचा धक्का जबर असतो. गॅरेजवाल्याकडे टाकाऊ प्लग ढिगाने मिळतात. त्यांतून लांब नाकाचा आणि आखूड नाकाचा असे निवडावेत, नाकाची खोली काडीने मोजावी, आणि आकड्यांवरून कोणत्या कंपनीची मोजणी कोणत्या दिशेने जाते ते मुलांनाच शोधू द्यावे. झिजलेल्या आणि नव्या प्लगची फट वहीच्या कागदाच्या घड्या सरकवून मोजता येते : सहा-सात पाने अडली तर टर्बोची फट, दहा-अकरा सहज गेली तर एकतर प्लग साध्या इंजिनाचा, नाहीतर झिजलेला.